ती पांढरी गाडी कुणाची?

ताई, नमस्कार.

मी निवृत्त शिक्षक, वय ६३. हायस्कुलात इतिहास शिकवला. जुळे सोलापुरात राहतो. सिनेमाचं वेड शाळेत असल्यापासूनचं. १९७९ साली एक दोनशेपानी वही केली आणि तेव्हापासून पाहिलेला प्रत्येक सिनेमा टिपत आलो. तारीख, थिएटर, दोन ओळी आणि दहापैकी गुण. आता सातवी वही चालू आहे. दोन पानांची झेरॉक्स सोबत जोडतो, म्हणजे मी उगाच तोंड उघडणारा माणूस नाही हे कळेल.

माझी भाची पुण्यात शिकते. तिने सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांवर २२ मिनिटांचा माहितीपट केला. गेल्या महिन्यात इथल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये तो दाखवला. पन्नास-साठ माणसं होती, बहीण, मेहुणे, सगळे. शेवटी 'कुणाला काही बोलायचंय का' असं विचारलं म्हणून मी उठलो. म्हणालो, "मेहनत चांगली आहे, पण हा माहितीपट एकांगी आहे. मालकाची बाजू कुठंय? म्हाताऱ्या कामगाराचं तुटलेलं बोट दाखवायचं आणि लगेच मालकाची पांढरी गाडी दाखवायची, हा प्रचार झाला." भाची त्यावर काही बोलली नाही. त्यानंतरही बोललेली नाही. बहिणीचा फोन आला, "दादा, चार लोकांत पोरीला असं बोलायची काय गरज होती?" सून म्हणते, बाबांबरोबर काही बघायलाच नको, दर पाच मिनिटांनी थांबवून कोण कुणाच्या बाजूचा ते सांगत बसतात. आमची ही तर माझ्या हातात रिमोट आला की उठूनच जाते.

माझ्या वडिलांचेच चार माग होते. मी नववीत असताना विकावे लागले, बहीण तेव्हा नुकती चालायला लागली होती. त्यामुळे मला या धंद्यातलं कळत नाही असं नाही. माझा प्रश्न एवढाच की एकांगी असेल त्याला एकांगी म्हणायचं नाही का? प्रेक्षकानं नुसत्या टाळ्या वाजवायच्या का?

– एक मास्तर, जुळे सोलापूर

मास्तर, नमस्कार.

टाळ्या वाजवायचं बंधन कुणावरच नाही. तिकीट काढलेलं असो नाहीतर फुकट बसलेले असा, पडद्यावर जे दिसलं त्याबद्दल बोलायचा हक्क तुमचा आहे. आणि गाडीचा जो मुद्दा तुम्ही काढलात तो खणखणीत आहे, त्याच्याकडे मी येणारच आहे. पण आधी तुमच्या झेरॉक्सबद्दल बोलू द्या, कारण पत्रापेक्षा मला त्या दोन पानांनी जास्त सांगितलं.

पहिलं पान १९८६ चं. काय मजेशीर माणूस होता हो हा! "गाणी गोड. नायकाचा टोप प्रत्येक मारामारीत हलतो. ५." पुढची नोंद, "मशीन दोनदा बंद पडली, पब्लिकनं शिट्ट्या मारल्या, तरी सिनेमा सुटला नाही. ७." आणखी एक, "खलनायकाच्या आईचं काम करणारी बाई नायिकेपेक्षा सरस. नाव शोधणे." मी ते पान आमच्या ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दुसरं पान या वर्षीचं. त्यावर सतरा नोंदी आहेत आणि 'एकांगी' हा शब्द अकरा वेळा आलाय. 'अजेंडा' तीनदा. टोप कुणाचाच हलत नाही, कुठल्याच बाईचं काम सरस नाही, गाण्याचा तर पत्ताच नाही. मास्तर, तो १९८६ चा माणूस सिनेमा बघायला जायचा. आताचा सिनेमाची झडती घ्यायला बसतो. झडती घेणाऱ्याला काही ना काही सापडतंच, पण त्याच्या शेजारी बसायला कुणाला आवडेल?

त्याच १९८६ च्या पानावर खाली एक नोंद आहे. "डॉ. कोटणीस की अमर कहानी. मॅटिनी. आपल्या सोलापूरचा माणूस. रडलो. १०." पानावरचे एकुलते एक दहा.

आता तुम्ही इतिहासाचे शिक्षक, तुम्हाला मी काय सांगावं. तरी सांगते, कारण इथंच गंमत आहे. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली आपल्या गावात जन्मले. भैया चौकात त्यांचं स्मारक आहे. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात हे गेले. जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, तिथल्याच गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. कशानं? अपस्माराच्या झटक्यानं. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटात मात्र ते भयंकर प्लेगवर उपाय शोधतात आणि शेवटी त्याच प्लेगनं जातात. मध्ये जपान्यांच्या तावडीत सापडून सुटतात ते वेगळंच. डॉक्टर कशानं मेला ही काही किरकोळ तपशिलाची गोष्ट नव्हे. चरित्रपटात मृत्यूचं कारणच बदललंय, आणि एका इतिहासाच्या शिक्षकानं दहापैकी दहा दिलेत!

दहाचे आठ करा असं मी म्हणत नाही. मीही तो सिनेमा पाहून रडले आहे आणि पुन्हा लागला तर पुन्हा रडेन. पण त्या दिवशी 'एकांगी' हा शब्द तुमच्या पेनात का उतरला नाही, याचा जरा विचार करा. जपानी सैनिकाची बाजू कुठंय, असं तुम्ही विचारलं नाहीत. सिनेमाची बाजू आपली होती, म्हणून तो आपल्याला बाजू घेतोय असं वाटलंच नाही. चपला पायात नीट बसल्या की त्या पायात आहेत हे विसरायला होतं, चावायला लागल्या की प्रत्येक पावलाला कळतं. हे तुमचंच होतं असं नाही, माझंही होतं.

अजून एक उदाहरण देते, हे जरा अवघड आहे. तुम्ही दर १२ जानेवारीला वर्गात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे ही चार नावं फळ्यावर लिहिली असणार. १९३० चा मे महिना, गांधीजींच्या अटकेनंतर पेटलेलं सोलापूर, गोळीबार, मार्शल लॉ, आणि १९३१ च्या जानेवारीत येरवड्यात चौघांना फाशी. सरकारी कागदांत याला 'दंगल' म्हटलंय. आपण 'लढा' म्हणतो. बाजू तिथंच ठरली, पहिल्याच शब्दात. समजा उद्या भाचीनं चार हुतात्म्यांवर माहितीपट केला, तर तुम्ही हॉलमध्ये उठून 'कलेक्टरची बाजू कुठंय' असं विचाराल? नाही विचारणार, आणि ते बरोबरच आहे. पण त्या दिवसांत जमावाच्या हातून दोन पोलीसही मारले गेले होते आणि त्याच खुनाच्या आरोपावरून चौघांना फाशी झाली. हे तिनं माहितीपटातून गाळलं तर? तेव्हा तुम्ही उठलंच पाहिजे. कलेक्टरला हुतात्म्यांइतकी मिनिटं मिळाली नाहीत म्हणून उठायचं नाही. प्रेक्षकाला जे कळायलाच हवं होतं ते लपवलं म्हणून उठायचं. या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत आणि तुम्ही गेली काही वर्षं त्या एकाच शब्दात कोंबताय.

माहितीपट म्हणजे सगळ्यांना सारखं मोजून देणारी तागडी, असं आपल्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे. जो सगळ्यात गाजलेला जुना माहितीपट मानतात तोच घ्या. १९२२ चा, उत्तर कॅनडातल्या इनुइट कुटुंबावरचा, 'नानूक ऑफ द नॉर्थ'. रॉबर्ट फ्लाहर्टीनं केलेला. बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला उजेड पुरेना, म्हणून अर्धंच घर बांधलं आणि त्या उघड्या अर्ध्यात ती माणसं थंडीत झोपायचं नाटक करत होती. एव्हाना ती मंडळी बंदुकीनं शिकार करायची, तरी त्यांना जुन्या भाल्यानं करायला लावलं. नायकाचं खरं नावसुद्धा नानूक नव्हतं. आता यात 'बाजू' कुणाचीच नाही, फ्लाहर्टीला तर त्या लोकांबद्दल प्रेमच होतं. पण बंदूक लपवली. माझ्या हिशेबी हा मोठा दोष आहे. उलट एखादी बाई छातीठोकपणे सांगते की मी कामगारांच्या बाजूनं बोलणार आहे आणि जे दाखवते ते जिथलं तिथलं, जसंच्या तसं दाखवते, तर तिच्याशी भांडता येतं, पण तिला खोटारडी म्हणता येत नाही.

आणि आपण दोघं ज्या काळात वाढलो तो आठवा. सिनेमा सुरू व्हायच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची रीळ असायचीच. ती दाखवणं थिएटरवाल्याला सक्तीचं होतं. धरणं, गव्हाचे तुरे, फिती कापणारे मंत्री आणि तो एक ठरावीक भारदस्त आवाज. त्यात धरणात गाव बुडालेल्याची बाजू कधी होती? भागवत थिएटरच्या बाकांवर बसून आपण शेंगा सोलायचो आणि मेन पिक्चर कधी सुरू होतंय याची वाट बघायचो. कुणी उठून 'एकांगी' म्हणालं नाही. भारदस्त आवाजात सांगितलेली बाजू कुणाला बाजू वाटत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

डॉ. कोटणीसांवर पुस्तक लिहून त्या सिनेमाच्या लेखनातही हात असलेले ख्वाजा अहमद अब्बास पुढे स्वतः या चक्कीत सापडले होते. त्यांनी १९६८ मध्ये कलकत्ता, मुंबई, मद्रास, दिल्ली या चार शहरांवर एक छोटा माहितीपट केला. एकीकडे उंच इमारती आणि मोटारी, दुसरीकडे त्या उभारणारे मजूर, झोपड्या, वेश्यावस्ती. सेन्सॉरनं आधी तो फक्त प्रौढांसाठी ठरवला, मग वेश्यावस्तीची काही दृश्यं कापा म्हणाले. अब्बास थेट सुप्रीम कोर्टात गेले. १९७० च्या निकालात कोर्टानं सेन्सॉरशिप घटनेला धरूनच आहे असं सांगितलं, पण त्या सगळ्या भांडणात ते मजूर आणि त्या मोटारी खोट्या आहेत असं कुणाचंही म्हणणं नव्हतं. आणि सिनेमाचा सगळा जोर तर दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवण्यावरच होता.

मोटार, मजूर, शेजारीशेजारी. ओळखीचं वाटतंय ना? चला, आता पांढऱ्या गाडीकडे.

मी तुमच्या भाचीचा माहितीपट पाहिलेला नाही, तुमच्या पत्रातूनच जेवढा दिसला तेवढा. म्हातारा कामगार, तुटलेलं बोट, आणि मग गाडी. दोन चित्रांच्या मध्ये कुणीही एक शब्द बोललेलं नाही, तरी हॉलमधल्या साठही माणसांना ऐकू गेलं: याच्या बोटावर त्याची गाडी उभी आहे. हे संकलनाचं जुनं सामर्थ्य आहे. शंभर वर्षांपूर्वी कुलेशोव्ह नावाच्या रशियन दिग्दर्शकानं एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला एकदा सुपाची थाळी, एकदा शवपेटी, एकदा एक बाई अशी जोडून दाखवली. चेहरा तोच, पण बघणाऱ्यांना त्यात कधी भूक, कधी दुःख, कधी आसक्ती दिसली. चेहऱ्यात काही नव्हतं. जोडात होतं.

हा जोड काय करू शकतो ते मी अंगावर घेतलंय. काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात आमच्या भागात नळाला पाचव्या दिवशी पाणी येत होतं. एका वाहिनीची मुलगी माईक घेऊन आली. मी घागर कमरेवर तशीच ठेवून तिच्याशी वीस मिनिटं बोलले. रात्री दोनला पाणी सुटतं, टाकीवाला मनाला येईल तो भाव सांगतो, धुणं साठतं, शेजारच्या आजीला कोण भरून देणार, सगळं. मध्ये कुठंतरी हसून म्हणाले, "आता काय, सवय झालीय." संध्याकाळी टीव्हीवर सहा सेकंद आले. हसतेय आणि म्हणतेय, सवय झालीय. त्याच्या लगेच पुढे एक अधिकारी, पुरवठा सुरळीत असल्याचं सांगणारे. शब्द माझेच होते, एकही खोटा नव्हता. नातेवाइकांचे फोन आले, "अगं, तुमच्याकडे बरंय की मग!" तेव्हापासून कुणी कॅमेऱ्यात हसताना दिसलं की त्याच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा तास कुठं गेला असेल, हाच विचार मनात येतो.

म्हणून मास्तर, तुम्ही त्या दिवशी हॉलमध्ये विचारायला हवा होता तो प्रश्न एवढाच होता: बाळा, ती गाडी कुणाची? त्याच कारखान्याच्या मालकाची, तिथंच दारात उभी असलेली? मग तिनं जे दिसलं ते दाखवलं, तुम्हाला झोंबो किंवा न झोंबो. दुसऱ्याच गल्लीतली, दुसऱ्याच दिवशी टिपलेली? मग तिची चूक आहे, मोठी आहे, आणि ती तिला आत्ताच कुणीतरी सांगायला हवी. पुढे ती मोठे सिनेमे करायला लागेल तेव्हा सांगणारे फार उरत नाहीत. 'गाडी कुणाची' या प्रश्नाला उत्तर आहे. 'हे एकांगी आहे' याला उत्तरच नाही, त्यावर माणूस गप्प बसतो किंवा भांडतो. ती गप्प बसली. भली पोर आहे.

आता तुमच्या दुसऱ्या वाक्याकडे येते. मालकाची बाजू कुठंय?

कुठला मालक, मास्तर?

पत्राच्या शेवटी, प्रश्न विचारायच्या जरा आधी, तुम्ही दोन ओळी टाकल्यात. वडिलांचे चार माग होते, विकावे लागले. ते वाक्य मी तीनदा वाचलं. तुम्ही ते तुमची पात्रता म्हणून लिहिलंत, धंद्यातलं कळतं म्हणून. मला वाटतं सगळं पत्र तिथंच आहे.

माझं आजोळ पूर्व भागातलं. चार मागांचा मालक म्हणजे काय ते मी पाहिलंय. तो मालक म्हणजे पुढच्या खोलीत संसार आणि मागच्या पत्र्याखाली खडखडाट. बायको कांड्या भरायची, मोठा मुलगा शाळेतून आला की सुताचे कोन उचलायचा, आणि मालक स्वतः बनियनवर, भुवयांवर कापसाचा पिंजलेला भुरा, हात कोपरापर्यंत तेलकट, मागात सूत इकडून तिकडे नेणारा धोटा अडकला की आधी शिवी मग देव. घरात तेलुगू, कामगाराशी तेलुगू, व्यापाऱ्याशी मराठी, आणि वीजबिल आलं की सगळ्या भाषा बंद. सुताचा भाव त्याच्या हातात नाही, टॉवेलचा भाव त्याच्या हातात नाही, व्यापाऱ्याकडची उधारी कधी येईल तेही नाही. एवढ्यावर शनिवारी दोन माणसांचा पगार त्यालाच द्यायचा असतो आणि तो चुकला की शिव्याही त्यालाच. असा माणूस कामगार की मालक? सरकारी फॉर्मवर मालक. पांढरी गाडी सोडा, सायकल होती का तुमच्या वडिलांकडे?

माझा अंदाज आहे तो सांगते, चुकला असेल तर रागवा. पडद्यावर 'मालक' म्हटल्यावर गाडी आली, आणि तुम्हाला खुर्चीत बसल्या बसल्या वाटलं की ही पोरगी आपल्या बापाबद्दल बोलतेय. आणि बाप असा नव्हता. तो राग खरा आहे. पण तोंडातून बाहेर पडताना त्याचा 'एकांगी' झाला, 'प्रचार' झाला, कारण निवृत्त शिक्षकाला पन्नास माणसांत 'माझा बाप असा नव्हता' असं म्हणवत नाही.

आणि यातली सगळ्यात वाकडी गोष्ट अशी, की तो माणूस तिचा आजोबा आहे. आईचा बाप. तिच्या आईला तर ते माग आठवणारच नाहीत, नुकती चालायला लागली होती असं तुम्हीच लिहिता. म्हणजे त्या खडखडाटाची आठवण असलेला घरात एकच माणूस उरलाय. तीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या पोरांना गिरणी कामगारांच्या संपाची कारणं शिकवलीत, पाच गुणांसाठी. भाचीला कधी सांगितलंत, मागांवर बोली लागली त्या दिवशी घरात काय शिजलं होतं? नसणार. आपल्याकडे विकलेल्या गोष्टींबद्दल बोलत नाहीत. मग तिनं न ऐकलेलं दाखवायचं कुठून? तिच्या माहितीपटात एक बाजू कमी पडलीय हे कबूल, पण ती बाजू तुमच्याकडे कुलपात होती.

तर करायचं काय. बहिणीमार्फत निरोप पाठवू नका, मेसेजवर तर मुळीच लिहू नका, फोन करा. वेळ संध्याकाळची बघा, पुण्यातली मुलं सकाळी माणसांत नसतात. पहिलं वाक्य माफीचं असू दे, पण नेमक्या गोष्टीची माफी. मत होतं त्याबद्दल मागायची गरज नाही. तिच्या पहिल्या प्रदर्शनात, तिच्या आईबापांसमोर, 'प्रचार' हा शब्द वापरला त्याबद्दल मागा. मास्तरकीची सवय जात नाही, पण तो तिचा वर्ग होता, तुमचा नव्हता. 'पण' हा शब्द त्या फोनमध्ये येऊ देऊ नका. 'सॉरी, पण' म्हणणाऱ्याची सॉरी कुणी मोजत नाही.

सुट्टीला ती येईल तेव्हा पुन्हा एकदा तिच्याबरोबर बसून तो माहितीपट बघा. लॅपटॉप तिच्या मांडीवर, थांबवायचं बटण तिच्याकडे. तेव्हा गाडीचं विचारा. ती कदाचित म्हणेल, "मामा, चार मालकांकडे गेले होते, चौघांनी कॅमेरा बघून दार लावून घेतलं." हे फार वेळा होतं, हे लक्षात ठेवा. दुसरी बाजू नसण्याचं कारण बहुतेकदा एवढंच असतं की दुसऱ्या बाजूनं दार लावलं. असं असेल तर तिला सांगा, ते लागलेलं दार दाखव की मग! गाडीपेक्षा ते दार जास्त बोलेल.

मग तुमच्या वडिलांचं सांगा. सलग सांगायचा प्रयत्न करू नका, धडा होईल. घरात धोटा उरलाय का बघा, बहुतेक घरांत एखादा असतो, देव्हाऱ्यामागे नाहीतर माळ्यावर. तो तिच्या हातात द्या आणि ती विचारेल तेवढंच बोला. तिनं कॅमेरा काढला तर काढू द्या. नाही काढला तर 'यात घाल' म्हणून मागे लागू नका. तिचा सिनेमा कामगारांवर आहे, आजोबांवर नाही, आणि तिनं सगळं ऐकूनही आपलीच बाजू कायम ठेवली तर तो तिचा हक्क. तुम्हाला पटणार नाही. वहीत गुण कमी द्या.

वहीवरून आठवलं. वर्षभर 'एकांगी' हा शब्द वहीत बंद ठेवून बघा. त्याऐवजी नेमकं काय दिसायला हवं होतं आणि दिसलं नाही, ते लिहा. "शेवटी पैसे कुणी दिले ते वाचलं, मग सिनेमात त्यांच्याविरुद्ध एक शब्द नाही हे कळलं." "'सत्य घटनेवर आधारित' म्हणतात, पण कुठल्या ते सांगत नाहीत." "दुःखी संगीत जरा आधीच सुरू झालं, बाई रडायच्याही आधी." असं लिहिलंत तर तुमची सातवी वही पुढे कुणी वाचेल तरी. सेन्सॉरच्या दाखल्याकडे बघून काही ठरवू नका, तो सिनेमा कुणाला दाखवावा एवढंच सांगतो, खरा की खोटा ते सांगत नाही. आणि ज्या सिनेमानं राग आणला त्याच्यासमोर एक छोटी खूण करा, राग कितव्या मिनिटाला आला त्याची. सहा महिन्यांनी त्या खुणा सलग बघा. तुमच्या जेऊरच्या नागराज मंजुळेंच्या 'सैराट'ला तुम्ही २०१६ मध्ये किती दिले होते हो? ते पान पाठवलं नाहीत. मला उगाच उत्सुकता आहे.

राहता राहिल्या वहिनी. त्यांनी तुमच्याबरोबर शेवटपर्यंत पाहिलेला शेवटचा सिनेमा कुठला, हे त्यांनाच विचारा, वही न उघडता. तोच पुन्हा लावा. शेंगा भाजा, मीठ लावून. रिमोट त्यांच्या पदराखाली राहू दे, आणि टोप हलताना दिसला तर मात्र लगेच सांगा.